धोंडीच्या बेडकांची बरणी

मित्रांनो, आधी माझ्या झाकणाकडे बघा. पत्र्याचं आहे, कडेला गंजलं आहे आणि त्याला खिळ्याने पाडलेली सात भोकं आहेत. असल्या झाकणाच्या बरणीत लोणचं टिकत नाही, साखर टिकत नाही, साध्या मिठालाही पाणी सुटतं. मग मी कशाच्या कामाची, असं तुम्ही विचाराल. मी काचेची जुनी बरणी आहे आणि आयुष्याची चार वर्षं मी बेडूक वाहिले. ते कुठे जातात हे मला ठाऊक होतं. ज्यांनी विश्वासाने माझ्यात ठेवले, त्यांना ठाऊक नव्हतं. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही, याचं वाईट मला त्या चार वर्षांत जेवढं वाटलं तेवढं कधी वाटलं नाही.

दूरच्या एका काचेच्या भट्टीत मी जन्मले. कारागिराला बहुधा घाई असावी, कारण माझ्या गळ्याजवळ हवेचा एक बुडबुडा कायमचा अडकून राहिला. तिथून मी पांढुर्ण्याच्या एका किराणा दुकानात आले आणि संत्रागोळ्या सांभाळू लागले. तिथे माझा फार मान होता. दुकानात पाऊल टाकलेलं प्रत्येक पोर आधी माझ्याकडे बघायचं. पुढे दुकानदाराने हलक्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या आणि मला बाजारच्या दिवशी ओट्यावर विकायला मांडलं. बोरगावच्या शकुबाईने मला उचललं, उन्हात धरलं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, "खणखणीत हाये. लोनच्याले होते."

शकुबाईचं घर दोन खोल्यांचं, मागे संत्र्याची लहानशी बाग आणि बागेत विहीर. नवरा सुखदेव बागेतच असायचा. त्यांना एकच मुलगी, कुसुम. मी आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माझ्यातलं लिंबाचं लोणचं ती बोट घालून चोरायची आणि बोट फ्रॉकला पुसायची. ते दिवस बरे होते. शकुबाई मला दर उन्हाळ्यात राखेने घासून पालथी वाळवायची आणि शेजारणींना सांगायची की असली काच आता मिळत नाही.

ब्याऐंशी सालचा आषाढ कोरडा गेला. आमच्या भागात असं झालं की पोरं धोंडी काढतात. मुसळाच्या मधोमध फडक्यात बेडूक बांधायचा, वर कडुलिंबाचा पाला लावायचा, दोघांनी मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि गाणं म्हणत दारोदार फिरायचं. बायका बेडकावर तांब्याभर पाणी ओततात, पोरांना सुपातून ज्वारी, डाळ देतात. बेडूक ओरडला की पाऊस ऐकतो, असं म्हणतात. शेवटी बेडकाला वाहत्या पाण्यात सोडायचं आणि मगच पोरांनी आपला भात रांधायचा. सोडल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असा नियम होता.

बेडूक धरण्यात कुसुमचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. विहिरीच्या पायऱ्यांवर ती पालथी पडायची आणि ओल्या कपारीतून अलगद बेडूक काढायची. तिचा स्वतःचा एक नियम होता. ज्या बेडकाची धोंडी झाली, त्याच्या मागच्या पायाला ती शकुबाईच्या पूजेतल्या लाल नाड्याचा तुकडा बांधायची. दोन गाठी, जरा सैल.

"हे काय वं?" शकुबाईने विचारलं.

"खूण हाये माय. याचं काम झालं. याले आता पुन्हा धराचं नाई."

प्रश्न सोडण्याचा होता. गावचा नाला कोरडा पडला होता आणि विहिरीतल्या बेडकाला धोंडी करून परत विहिरीत टाकत नाहीत. तेव्हा गुणवंता पुढे आला. हा शकुबाईचा चुलतभाऊ, कुसुमचा मामा. सौंसरच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई होता आणि रोज सायकलने जायचा. वाटेत नदीचा डोह होता, तो उन्हाळ्यातही आटत नसे.

"द्या माह्याजवळ," तो म्हणाला. "जाताजाता डोहात सोडून देतो. पाच मिंटाचं काम."

शकुबाईने मला रिकामं करून दिलं. कुसुम म्हणाली, "मामा, त्याइले श्वास घ्याले भोकं पाडा ना." मामाने खिळा आणि दगड घेतला आणि मोजून सात भोकं पाडली. माझं लोणच्याचं आयुष्य तिथे संपलं, पण मला दुःख झालं नाही. जिवंत जीव वाहायचे, ही केवढी मोठी गोष्ट! सायकलच्या कॅरियरला मला दोरीने बांधलं तेव्हा मी फुगून गेले होते.

डोहापाशी मामा थांबला. तोंड धुतलं, पाणी प्यायला, मला सोडून काठावर आणलं. माझं झाकण उघडलं. बेडकांनी पाण्याचा वास घेतला आणि सगळे एकदम वर तोंड करून बसले. मामाने ओंजळ आडवी धरून आतलं उन्हाने तापलेलं पाणी ओतून दिलं, डोहातलं थंड पाणी भरलं आणि झाकण परत लावलं. मला वाटलं, किती मायाळू माणूस! आणि सायकल पुढे निघाली.

मित्रांनो, पाणी त्याने बदललं होतं ते बेडूक शाळेपर्यंत जिवंत पोहोचावेत म्हणून. तिथल्या मागच्या खोलीत सिमेंटची टाकी होती. बेडूक टाकीत गेले. त्याच दुपारी एकेक करून बाहेर आले, औषधाच्या वासाच्या कापसाखाली निजले आणि मेणाच्या ट्रेवर चार टाचण्या ठोकून पसरले गेले. मी कोपऱ्यात उघडी पडून सगळं बघत होते. काच असल्यामुळे मला डोळे मिटता येत नाहीत.

परत येताना मामाने मला डोहात विसळलं. घरी कुसुम वाट बघत होती. तिने माझ्यात नाक घातलं, तर नदीचा वास.

"पोहले का मामा?"

"पोहले तं! एकजण तं मांगं वळून पाहे."

कुसुम खळखळून हसली आणि पोरांनी भाताचं भांडं चुलीवर ठेवलं. त्या क्षणी मी फुटले असते तर बरं झालं असतं.

असे चार आषाढ गेले. बेडूक जितके जास्त तितका मामा खूष. "एका मुसळाले एकच काऊन बांदता बे?" तो पोरांना म्हणायचा. "पाच बांदा. पाचजण ओरडले तं देव लवकर आयकते." पोरांना ते पटलं. कुसुमने पाच-पाच बेडूक धरले, प्रत्येकाला नाडा बांधला. शाळेत गेल्यावर मामा नखाने नाडे काढून टाकायचा आणि खिडकीबाहेर फेकायचा. खिडकीखाली लाल दोऱ्यांचा छोटासा ढीग झाला होता आणि चिमण्या तो घरट्याला नेत होत्या.

मी गुणवंताला राक्षस म्हणणार नाही. नागपूरचा व्यापारी डब्यांतून बेडूक पाठवायचा, त्यातले निम्मे मेलेले, सडलेले निघायचे, आणि शिव्या याला खाव्या लागायच्या. कुसुमवर त्याचा खरंच जीव होता. आठवीनंतर सुखदेव तिला घरी बसवायला निघाला होता, तेव्हा हाच मध्ये पडला. "पोरगी हुशार हाये दाजी. नर्स होईन. शिकू द्या तिले." मामामुळे ती सौंसरच्या त्याच शाळेत गेली आणि अकरावीला तिने जीवशास्त्र घेतलं. म्हणून तर मामा हा तिला देवासारखा होता.

सौंसरच्या बस स्टँडवर दर रविवारी एक बाई सतरंजी टाकून बसायची. प्रेमलताबाई, पोस्टात नोकरीला होती. नागपूरच्या कुठल्याशा प्राणिमित्र मंडळाची पत्रकं वाटायची आणि एका वहीत लोकांच्या सह्या घ्यायची. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणं बंद करा, शाळेत जिवंत प्राणी मारणं बंद करा, असं तिचं म्हणणं. लोक तिला बेंडूकबाई म्हणायचे. कुसुम आणि तिची मैत्रीण यमुना एकदा मुद्दाम तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हे कुसुमनेच घरी येऊन माझ्यासमोर शकुबाईला सांगितलं.

"म्या म्हनलं, बाई, आमाले नका सांगू. आमच्या गावात आमी बेंडूक पान्यात सोडतो. तं ते म्हने, चांगलं करता बाई, पन सोडताना पाह्यलं का कधी?"

"मंग तू काय म्हनली?"

"म्हनलं, माहा मामा सोडते." आणि दोघी मायलेकी हसल्या. मी फळीवर होते. माझ्या तळाशी आदल्या दिवशीचं डोहाचं पाणी अजून होतं.

शहाऐंशीचा आषाढही कोरडाच होता. धोंड्या निघाल्या. अकरावीत गेलेली कुसुम आता मुसळ उचलायची नाही, पण बेडूक तीच धरून द्यायची आणि नाडाही तीच बांधायची. त्या दिवशी मामाला उशीर झाला होता. शाळेत पोहोचताच भगवंतराव सरांनी आरडाओरड केली, वर्ग भरला आहे, बेडूक कुठे आहेत म्हणून. टाकीत टाकायला, नाडे काढायला वेळ झाला नाही. मामाने औषधाचा कापूस माझ्याच झाकणाखाली कोंबला, सात भोकांवर ओलं फडकं टाकलं आणि मला तसंच टेबलावर नेऊन ठेवलं. श्वासासाठी पाडलेली भोकं त्या दिवशी बंद झाली. पाच बेडूक माझ्या पोटात उड्या मारता मारता थंड झाले.

सर शिकवण्यात चांगले होते. मन लावून शिकवायचे. त्यांनी चिमट्याने पहिला बेडूक उचलला आणि म्हणाले, "मुलींनो, जवळ या. आधी बाह्य अंगं बघा. मागचा पाय..." आणि थांबले. "हे काय बांधलंय याला?"

कुसुम पहिल्या रांगेत होती. तिने बघितलं. दोन गाठी, जरा सैल.

"सर, तो नाडा म्या बांदला," ती म्हणाली.

वर्गात कोणीतरी हसलं. कुसुमने मग माझ्याकडे बघितलं. गळ्याजवळचा बुडबुडा तिला ओळखता आला नाही असं होणारच नव्हतं, तिने नऊ वर्षांची असल्यापासून त्यावर बोट फिरवलं होतं. दारात गुणवंता मेणाचे ट्रे घेऊन उभा होता.

"मामा," ती म्हणाली, "डोहात कोनते सोडले?"

मामाने ट्रे खाली ठेवले. "वर्गात नाई बोलाचं पोरी. घरी सांगतो."

"चार वर्सं झाले मामा. एक तरी सोडला का?"

"अवं, बेंडूकच हाये! व्यापारी मेलेले पाठवते. मंग तुमी शिकान काय, माती? तुले नर्स व्हाचं हाये ना? तुह्यासाठीच तं..."

"माह्यासाठी नका म्हनू," कुसुम म्हणाली. "म्याच धरून देल्ले तुमाले. माह्या हातानं. मागं वळून पाहे म्हने..." ती रडली नाही. ती तशीच उभी राहिली आणि तिचे हात ओढणीत गुंडाळलेले होते.

सरांना गोष्ट अर्धीच कळली. ते समजुतीने म्हणाले, "हे बघ, भावना मी समजतो. पण हे तर आता मेलेलेच आहेत. तू कापलं नाहीस तर प्रॅक्टिकलमध्ये शून्य पडेल. मग नर्सिंगचं नाव काढू नकोस."

"पडू द्या सर," कुसुम म्हणाली आणि वर्गाबाहेर गेली. तिच्या मागोमाग फक्त यमुना उठली.

चिमट्यात धरलेला तो बेडूक सरांनी कापला नाही. त्यांनी माझ्यात फॉर्मलिन भरलं, बेडूक नाड्यासकट आत सोडला, झाकणाच्या भोकांवर मेण ओतलं आणि पोटावर चिठ्ठी चिकटवली, "बेडूक, नर". मला मधल्या फळीवर ठेवलं. ज्याला मी पाण्यापर्यंत न्यायला निघाले होते, त्याचीच मी तिजोरी झाले. पुढची दोन वर्षं तो माझ्या आत डोळे उघडे ठेवून होता आणि मी त्याच्याभोवती.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून बस स्टँड दिसायचा. पुढच्याच रविवारी कुसुम प्रेमलताबाईसमोर गेलेली मी बघितली. बाईने वही पुढे केली नाही, सरकून सतरंजीवर जागा केली. त्यानंतर दर रविवारी दोघी असायच्या, कधी यमुनाही. मोठमोठी भाषणं कुसुमला येत नव्हती. पत्रकावरचे शब्द लोकांना कळत नव्हते. ती फक्त एक प्रश्न विचारायची, आणि तिचा आवाज चांगला मोठा होता, फळीपर्यंत यायचा.

"तुमच्या गावात धोंडीचा बेंडूक सोडाले कोन जाते?"

लोक थांबायचे. जांब, लोधीखेडा, पांढुर्ण्याकडची गावं, धोंडी कोणी काढली नव्हती? कोणी म्हणायचं, पोट्टे सोडतात. कोणी म्हणायचं, असंच कोणाले तरी देऊन देतो. मग कुसुम स्वतःची गोष्ट सांगायची, मामाचं नाव न घेता. दारात उभं राहून ज्यांनी तांब्याभर पाणी ओतलं होतं, त्या बायका ऐकता ऐकता पदराला पुसून अंगठा पुढे करायच्या. बेडकाचा कळवळा त्यांना आधी नसेलही. पण आपल्या हातून पाणी घेऊन पुढे गेलेला जीव असा फसवला गेला, हे त्यांना सहन होत नव्हतं. प्राणिमित्र मंडळाची माणसं आमच्याकडे अशी झाली.

फार मोठा विजय झाला असं मी सांगणार नाही. शाळेत बेडूक येतच राहिले, पुन्हा डब्यांतून. पुढच्या वर्षी अकरा मुलींनी चिमटा हातात घ्यायला नकार दिला, तेव्हा सरांनी त्यांना तोंडीच परवानगी दिली की नको असेल तर चित्र काढा. कुसुमला मात्र ती मुभा उशिरा मिळाली. प्रॅक्टिकलचं शून्य तिच्या निकालावर राहिलं आणि नर्सिंगला तिचा नंबर लागला नाही. ती गावच्या अंगणवाडीत लागली. गुणवंताने शकुबाईच्या घरी येणं सोडलं. रस्त्यात भेट झाली की तो सायकलवरून उतरायचा आणि कुसुम सरळ पुढे जायची, असं यमुना वर्गात कोणाला तरी सांगत होती.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेची फळी रंगवायला काढली. गुणवंताने सरांना काहीतरी विचारलं, सरांनी मान हलवली. त्याने मला टॉवेलात गुंडाळलं आणि कॅरियरला न बांधता, एका हाताने पोटाशी धरून, सायकल हळूहळू चालवत बोरगावला आणलं. शकुबाईच्या ओट्यावर ठेवलं आणि अंगणातच उभा राहिला.

"तुहा हाये," तो कुसुमला म्हणाला. "म्हनून आनला."

कुसुमने संत्र्याच्या झाडाखाली खड्डा केला आणि नाड्यासकट त्याला पुरलं. मामाला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मग तिने मला राखेने, सोड्याने, वाळूने घासलं आणि वर्षभर उन्हात पालथी ठेवली. शकुबाईने मला परत घरात घेतलं नाही. "त्या बरनीकडं पाहाले होत नाई माह्याच्यानं," ती म्हणायची. एवढी वर्षं जिच्या हातची मी लाडकी, तिने तोंड फिरवलं. मी तिला दोष कसा देऊ?

पुढच्या आषाढात धोंड्या निघाल्या तेव्हा कुसुमने मला हातात घेतलं. अंगणवाडीची पोरं, त्यांच्या आया, यमुना, सगळे पायी डोहाकडे निघाले. अडीच कोस चाल होती. उन्हात माझ्यातलं पाणी कोमट व्हायचं आणि कुसुम दर थोड्या वेळाने पदर भिजवून माझ्याभोवती लपेटायची. झाकणावरचं मेण तिने सुईने काढून टाकलं होतं. सातही भोकं मोकळी होती.

डोहापाशी गुणवंता सायकल धरून उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने माझ्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

"कुसुम, या वेळी मले सोडू दे. सगळ्याइसमोर सोडतो."

कुसुमच्या हातांना जुनी सवय होती, ते क्षणभर पुढे झालेही. मग तिने मला छातीशी घट्ट धरलं. इतकं घट्ट, की तिच्या काळजाचे ठोके माझ्या काचेत वाजत होते.

"वही प्रेमलताबाईजवळ हाये मामा," ती म्हणाली. "सही कराची असन तं करा. बरनी नाई भेटत."

मामाचे हात बराच वेळ तसेच राहिले. कुसुम त्याच्या बाजूने पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत गेली आणि झाकण उघडलं. पाच बेडूक एकामागून एक गेले. मी नीट पाहत होते, मित्रांनो. मागे वळून कोणीही पाहिलं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. एखादा जीव दुसऱ्याच्या हाती सोपवाल, तेव्हा पाण्यापर्यंत त्याच्यासोबत चालत जा. अडीच कोस काही फार नसतात.